सहा मिनिटं

माइकसमोर उभं राहिल्यावर आईंनी आधी पदर सारखा केला आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "नमस्कार कुणाकडे बघून करायचा?" समोर अर्धगोल टेबलामागे गावच्या कम्युनिटी कॉलेजच्या बोर्डाचे सात ट्रस्टी बसले होते, कडेला एक विद्यार्थी प्रतिनिधी, आणि प्रत्येकापुढे नावाची पाटी. मधल्या बाई अध्यक्ष आहेत, असं मी सांगितलं. आईंनी डावीकडून उजवीकडे सगळ्यांना एकच सावकाश नमस्कार केला.

क्लार्कने घड्याळ तीन मिनिटांवर लावलं होतं. या मराठीत बोलणार आहेत आणि मी भाषांतर करणार आहे, असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवून बटण दाबलं आणि पडद्यावरचा आकडा बदलला. ६:००. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तसं लिहिलंच आहे: वेळेची मर्यादा घातलेली असेल आणि बोलणाऱ्याला दुभाष्या लागत असेल, तर त्याला किमान दुप्पट वेळ द्यायचा. मेहेरबानीने दिलेली सवलत नव्हे ही, हक्क आहे. त्या आकड्याकडे बघताना मला भरून आलं होतं, आणि पुढची सहा मिनिटं मलाच बोलायचं असल्याने ते गिळावंही लागलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर त्या साताऱ्याकडचं घर बंद करून आमच्याकडे, सॅन फ्रान्सिस्को बे एरियात कायमच्या राहायला आल्या. वय अडुसष्ट, शिक्षण सातवी. पहिलं वर्ष खिडकीतून रस्ता बघण्यात गेलं. मग ओळखीच्या एका गुजराती आजींनी त्यांना जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या इंग्रजीच्या वर्गाला नेलं, आणि आमच्या घरातलं वातावरणच पालटलं. वही आली, पेन्सिली आल्या. फ्रिजवर नातवाच्या चित्राशेजारी आजीचा शब्दांचा कागद लागला. संध्याकाळी सहाचा वर्ग, आठवड्यातून चार दिवस, आणि फी एक पैसाही नाही, कारण क्रेडिट नसलेल्या, म्हणजे पदवीसाठी न धरल्या जाणाऱ्या अशा वर्गांना या राज्यात फी लावत नाहीत.

आपल्या लोकांना कम्युनिटी कॉलेजचं फारसं अप्रूप नसतं. आपण एमएस करायला येतो, विद्यापीठांची नावं मिरवतो आणि गावातल्या या कॉलेजकडे बारावीत मार्क कमी पडलेल्यांची सोय म्हणून बघतो. मीही तशीच बघायचे. खरं तर हा केवढा तरी मोठा संसार आहे. एकट्या कॅलिफोर्नियात ११६ कॉलेजं, ती चालवणारी ७३ डिस्ट्रिक्टं आणि २० लाखांच्या घरात विद्यार्थी. पहिलं कॉलेज १९१० साली फ्रेस्नोला निघालं, तेही तिथल्या शाळांच्या कारभाराला जोडूनच. म्हणून शाळांसारखंच इथेही लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड आलं. सगळ्या अमेरिकेत असं नाही. शिकागोत कॉलेजांचं बोर्ड महापौर नेमतो. इथे मात्र बोर्डाचे ट्रस्टी मतपत्रिकेवर असतात, चार वर्षांसाठी निवडून येतात आणि बहुतेकांचा पोटापाण्याचा धंदा वेगळाच असतो. कॉलेजचं बजेट, नवीन इमारती, चॅन्सेलरची म्हणजे मुख्य प्रशासकाची नेमणूक, यातलं शेवटचं मत त्यांचं. १९८४ पर्यंत ही कॉलेजं फुकट होती. आज क्रेडिटच्या वर्गांना युनिटमागे ४६ डॉलर पडतात, तरी परवडणारं उच्चशिक्षण म्हणून गरिबाच्या मुलाला बोट दाखवावं असं दुसरं ठिकाण इथे नाही.

तर त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आईंच्या बाईंनी सांगितलं, संध्याकाळचा वर्ग बहुधा बंद होणार. हजेरी कमी पडते म्हणे.

त्या दिवशी आई जेवल्या नाहीत. पोट बरं नाही, एवढंच म्हणाल्या.

मी इथे सतरा वर्षं राहते, कर भरते, मत देते. मतपत्रिकेच्या तळाशी ट्रस्टींची नावं असतात तिथे पोचेपर्यंत माझा उत्साह संपलेला असतो. ओळखीचं वाटेल त्या नावापुढे मी खूण करत आले होते. आता त्याच लोकांपुढे जायचं होतं. बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो, सर्वांना दिसेल अशा जागी. तो वाचला तर आमच्या वर्गाचा त्यात उल्लेखच नव्हता. तरी अजेंड्याबाहेरच्या विषयावर बोलायला एक वेळ राखलेला असतो हे कळलं, म्हणून एकटीच गेले. चिठ्ठी भरली. नाव लिहिणं ऐच्छिक होतं, हे बघून नवल वाटलं. पाठ केलेली तीन मिनिटं बोलले. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा.

पुढे काहीच झालं नाही. अध्यक्ष "थँक यू" म्हणाल्या, एका ट्रस्टींनी वहीत काहीतरी टिपलं आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. ना प्रश्न, ना आश्वासन. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. भिंतीशी बोलून आल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन ओट्याशी उभ्या उभ्याच मी सगळा राग काढला. इतक्या लांब जाऊन, हात जोडून बोललं, आणि तोंडातून एक शब्द काढता येऊ नये यांना?

आई मेथी निवडत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "विषय पत्रिकेवर होता का?"

"नाही."

"मग कसं बोलतील? बोलूच नये."

हे सांगायला हवं की आई एके काळी ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. ७३व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव ठेवल्या, त्यानंतर गावाने त्यांना उभं केलं. उभं केलं हा शब्द त्यांचाच. पहिली दोन वर्षं त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायच्या आणि ठरावाच्या रजिस्टरवर बोट ठेवलं जाईल तिथे सही करायच्या. घरात हा विषय फारसा निघत नसे. त्या रात्री निघाला.

एका ग्रामसभेत, त्यांनी सांगितलं, वरच्या आळीचे दहा-बारा गडी आले आणि रस्त्यासाठी हटून बसले. आरडाओरडा झाला. सरपंचांनी जागच्या जागी शब्द देऊन टाकला, टाळ्या पडल्या, ठराव झाला. पैसे तेवढेच होते. ते वाडीच्या नळासाठी धरलेले होते, आणि वाडीचं त्या दिवशी कुणी आलं नव्हतं, कारण असा विषय निघणार हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. "वाडीच्या बायका आणखी तीन उन्हाळे ओढ्यावरनं पाणी आणत होत्या. त्या ठरावावर माझी सही आहे." मेथीची जुडी त्यांनी बाजूला ठेवली. "तुला उत्तर दिलं नाही ते बरं केलं. तू आज गेलीस म्हणून उद्या दुसऱ्या कुणाचा वर्ग तोडला असता, आणि त्याला पत्तासुद्धा नसता."

आम्हा दोघींच्या ओळखीला एकवीस वर्षं झाली होती. मला वाटत होतं, मी त्यांना इथलं जग समजावून सांगते.

मग मी तो कायदा वाचला. त्याला ब्राउन अॅक्ट म्हणतात, राल्फ ब्राउन या मोडेस्टोच्या आमदाराच्या नावावरून. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलचे बातमीदार मायकेल हॅरिस यांनी एक लेखमाला लिहिली. गावोगावच्या नगरपरिषदा आणि शाळांची बोर्डं लोकांच्या नजरेआड, हॉटेलांत नि घरांत बसून निर्णय कसे उरकतात, याबद्दलची. त्यातून १९५३ मध्ये हा कायदा झाला. आरंभीच लिहिलं आहे की या राज्यातल्या लोकांनी आपल्या सेवेसाठी असलेल्या संस्थांच्या हवाली आपलं सार्वभौमत्व केलेलं नाही, आणि लोकांनी काय जाणावं नि काय जाणू नये हे ठरवायचा अधिकार लोकसेवकांना दिलेला नाही. कायद्याची भाषा एरवी माझ्या डोक्यावरून जाते. हे वाक्य मी आईंना मराठीत करून वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

पत्रिकेवर नसलेल्या विषयावर बोर्डाला चर्चा करता येत नाही, निर्णय तर नाहीच. फार तर थोडक्यात उत्तर द्यावं, एखादी गोष्ट स्पष्ट करून घ्यावी किंवा प्रशासनाला माहिती काढायला सांगावी. वहीत टिपून घेणाऱ्या त्या ट्रस्टींनी बैठकीच्या शेवटी नेमकं तेच केलं होतं, हे मला नंतर ध्वनिफितीवरून कळलं. तेव्हा मी पार्किंगमध्ये रडत होते.

नियम किती खोलवर जातो ते त्याच आठवड्यात समजलं. आमच्या भागातून निवडून आलेल्या ट्रस्टीबाई शनिवारी फार्मर्स मार्केटात भोपळी मिरच्या घेताना दिसल्या. मी धीर करून गाठलं. बाई प्रेमाने बोलल्या, थांबून ऐकलं. त्याआधी मी दोन ट्रस्टींना फोन केले होते. "ते म्हणाले की," एवढं मी म्हणते तोच बाईंनी हात वर केला. इतरांचं मत मला सांगू नका, म्हणाल्या. सातांपैकी चौघांची मतं बैठकीबाहेर एकमेकांपर्यंत पोचली, मग ती माझ्यासारखीच्या तोंडून का पोचेनात, तर ती गुप्त बैठक झाल्यासारखंच होतं. निरोप्याचं कामसुद्धा करू देत नाहीत. मी एकट्या ट्रस्टीला भेटू शकते, पत्र लिहू शकते, पण त्या एकटीच्या हातात काहीही नसतं. ट्रस्टी म्हणून त्यांच्या शब्दाला वजन येतं ते दार उघडं असलेल्या बैठकीत, इतरांबरोबर बसल्यावर. दार बंद करायला मोजकीच कारणं चालतात: नेमणुका, कोर्टाचे दावे, पगाराच्या वाटाघाटी, जमिनीचे व्यवहार. तिथे एखादा निर्णय झाला तर तोही बाहेर येऊन जाहीर करावा लागतो.

उघड्या दारामुळे निर्णय गोड होतात असं मात्र नाही. शेजारच्या फूटहिल–डी अँझा डिस्ट्रिक्टच्या फ्लिंट सेंटरचं उदाहरण इथल्या रसिकांना अजून सलतं. क्युपर्टिनोतलं ते मोठं प्रेक्षागृह. १९८४ च्या जानेवारीत अॅपलचा पहिला मॅकिंटॉश संगणक लोकांनी पाहिला तो तिथे. २०१९ मध्ये बोर्डाने ते कायमचं बंद केलं, आणि आता ती वास्तूही उरली नाही. मीही तिथे कार्यक्रम पाहिलेले, मलाही वाईट वाटलं. पण काय झालं, कुणी कोणतं मत दिलं, हे आजही कुणालाही बघता येतं. माझ्या लेखी याची किंमत मोठी आहे. ज्या निर्णयावर आपण रागावलो तो कुणी घेतला हेच ठाऊक नसलं की राग सगळ्या जगावर निघतो.

आता पुढची पायरी. कम्युनिटी कॉलेजांच्या कायद्यात एक कलम आहे: डिस्ट्रिक्टच्या कारभाराशी थेट संबंध असलेला विषय सामान्य माणसालाही पत्रिकेवर घ्यायला लावता आला पाहिजे. त्यासाठीचे नियम बोर्डाने करायचे. मी अर्ज लिहिला, आईंनी तो दोनदा बदलायला लावला. "वर्ग बंद करू नका" असं मी लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून "हजेरी कशी मोजता ते सांगा" असं करवलं. "मागणी केली की नाही म्हणता येतं," त्या म्हणाल्या. "हिशेब मागितला की द्यावा लागतो."

पुढच्या महिन्याच्या पत्रिकेवर अकरावा विषय म्हणून एक ओळ आली. निर्णयासाठी नव्हता, नुसता माहितीसाठी. आईंच्या वर्गातून नऊ जणी आल्या. त्यांत दोन चिनी आजी, एक इराणी बाई आणि दुपारची पाळी संपवून थेट आलेली एक मेक्सिकन मुलगी, गणवेशातच. अकरावा विषय यायला रात्रीचे साडेआठ वाजले. तोवर आम्ही छताच्या दुरुस्तीचं कंत्राट ऐकलं, नर्सिंगच्या मुलींचा सत्कार पाहिला आणि अर्धवेळ शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आरोग्यविम्याबद्दल एकामागून एक येऊन केलेली कळकळीची भाषणं ऐकली. आई प्रत्येकाला टाळ्या वाजवत होत्या. त्या दिवसापर्यंत माझ्या कल्पनेत त्या बैठकीत आमचाच एक प्रश्न होता.

आणि मग ती सहा मिनिटं. एक वाक्य त्या बोलायच्या, एक मी.

त्या म्हणाल्या, मी पण अशा खुर्चीवर बसलेली आहे, म्हणून तुम्हाला दोष द्यायला आले नाही. तुम्ही म्हणता मार्च-एप्रिलमध्ये हजेरी पडली. खरं आहे. तेव्हा शाळांना सुट्टी होती. नातवंडं घरात होती, आणि ती सांभाळायलाच तर आम्हाला इथे बोलावलंय. सहाचा वर्ग आम्हाला जमतो, कारण साडेपाचला सुना-मुलं घरी येतात. सकाळच्या वर्गाला या असं म्हणता, सकाळी आमच्या मांडीवर पोर असतं. मोजायचं तर सगळं वर्ष मोजा, सुट्टीचा आठवडा मोजू नका.

तिथे पिवळा दिवा लागला. आईंनी त्याच्याकडे बघितलं, थांबल्या, आणि आधी ठरवलेलं पुढचं सगळं सोडून दिलं. "बंद करायचाच असेल तर आधी सांगा. आमच्यात आल्यागेल्याला पण जेवून जा म्हणून सांगतात, ताटावरनं उठवत नाहीत."

हे वाक्य इंग्रजीत कसं न्यायचं मला सुचेना. ताटावरून उठवणं म्हणजे काय ते त्यांना कसं कळणार? मी जमेल तसं सांगितलं: समोर वाढलेलं असताना माणसाला उठ म्हणणं, आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही. टेबलामागच्या एका वयस्कर ट्रस्टींनी चष्मा काढून ठेवला. दिवा लाल झाला होता, अध्यक्षांनी थांबवलं नाही.

या वेळी विषय पत्रिकेवर होता, त्यामुळे त्यांना बोलता आलं, आणि ते बोलले. असल्या वर्गांचा पैसा राज्याकडून प्रत्यक्ष हजेरीच्या तासांवर मिळतो, ५२५ तास भरले की एक पूर्णवेळ विद्यार्थी धरतात. म्हणजे एक बाई एक संध्याकाळ आली नाही तर तेवढे पैसे खरंच कमी होतात. हे प्रशासनाच्या माणसाने आकड्यांनिशी समजावलं, आणि मला तो माणूस एकदम आपल्यातला वाटला. पैसा त्याच्याही मनात आला म्हणून येत नव्हता. एका ट्रस्टींनी विचारलं, सुट्टीचे आठवडे वगळून तक्ता करता येईल का. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणाला, माझी आजीसुद्धा अशाच वर्गात शिकली. त्याचं मत सल्ल्यापुरतं धरतात, मतमोजणीत येत नाही. पण त्या खोलीत ते वाक्य सगळ्यांच्या कानांवर पडलं होतं.

तक्ता झाला. वर्ग चार दिवसांवरून दोन दिवसांवर आला, बंद झाला नाही. आणि पुढच्या सत्रात कोणता वर्ग राहील नि कोणता जाईल, हे आता सत्र संपायच्या सहा आठवडे आधी कळवतात, चार भाषांत. मला चारही दिवस हवे होते, अजूनही हवे आहेत. मेक्सिकन मुलीला नवे दोन्ही वार जमत नाहीत. ती आता येत नाही. आई तिची आठवण काढतात आणि तिच्यासाठी आणखी एक अर्ज लिहायचा आमचा विचार पक्का आहे.

मधल्या काळात आणखी एक वाट सापडली. कॉलेजच्या इमारतींसाठी ५५ टक्के मतांनी जे कर्जरोखे मंजूर होतात, त्यांच्या खर्चावर नजर ठेवायला नागरिकांची एक समिती नेमावी लागते. किमान सात जण, आणि त्यांत एक ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला लागतो. आपल्या महाराष्ट्र मंडळांतून आजी-आजोबांचे गट जागोजागी आहेत, भजनं होतात, सहली निघतात. तिथल्या निवृत्त इंजिनिअरांनी आणि बँकवाल्यांनी या समित्यांकडे बघावं असं मला मनापासून वाटतं. घराच्या मालमत्ता कराच्या बिलावर कॉलेजच्या रोख्यांची ओळ असते. मुलगा ती दरवर्षी भरतोच आहे, तिचा हिशेब वडिलांनी बघितला तर बिघडलं कुठे?

गुरुवारी वर्ग सुटल्यावर मी आईंना घ्यायला जाते तेव्हा त्या बहुतेक वेळा प्रशासनाच्या इमारतीबाहेर, काचेच्या फलकापाशी उभ्या असतात. सोमवारच्या बैठकीची पत्रिका तोवर लागलेली असते. परवा त्या काचेवर बोट टेकवून एक शब्द अक्षर-अक्षर जुळवत होत्या. "कन्सेंट म्हणजे?"

मी सांगितलं, नेहमीचे विषय एकत्र बांधतात आणि चर्चा न करता एकाच मताने सगळे मंजूर करतात. त्यातला एखादा विषय बाहेर काढून चर्चेला घ्या, अशी विनंती आधी करता येते.

"न वाचता सही," त्या म्हणाल्या.

वाचतात ते, मी म्हटलं, घरी वाचून येतात.

"तरी." त्यांनी पिशवीतून चष्म्याची डबी काढली. यादीत सत्तावीस विषय होते आणि दिवेलागण झाली होती. मी फोनचा दिवा लावून काचेवर धरला. आईंनी बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं.